कंदातली बेगमी : एशियाटिक लिलीच्या लागवडीविषयी

एशियाटिक लिली आपल्याकडच्या घरगुती बागांमध्ये आता चांगलीच रुळू लागली आहे. ऑक्टोबर सरता सरता रोपवाटिकांमध्ये तिचे कंद येतात, पाकिटावर केशरी, पिवळ्या, गर्द लाल फुलांची चित्रं असतात, आणि लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांत ती चित्रं बहुतेक वेळा खरीही ठरतात. बागकामाचा फारसा अनुभव नसलेल्यालाही पहिल्या वर्षी यश मिळतं. खरी अडचण दुसऱ्या वर्षी समोर येते. त्याच कुंडीतून करंगळीहून बारीक दांडा वर येतो, एखादी कळी धरते किंवा धरतही नाही, आणि तिसऱ्या वर्षी माती उकरली तर हाती काहीच लागत नाही. मग कारणांचा शोध सुरू होतो : खत कमी पडलं, माती चुकली, विक्रेत्याने कंदच वाईट दिला. या पुस्तकाची मांडणी या कोड्याभोवती केलेली आहे, आणि त्याचं उत्तर प्रस्तावनेतच सांगून टाकणं बरं. पहिल्या वर्षीचं फूल बहुतांशी दुसऱ्याच मुलखात, दुसऱ्याच मातीत तयार होऊन आलेलं असतं. आपण ते फक्त उमलू देतो. आपलं खरं काम त्या फुलाच्या मागे उभ्या असलेल्या कंदाशी आहे. कंदात साठवून आणलेलं अन्न नीट खर्ची पडू देणं आणि हवामान साथ देत असेल तिथे ते पुन्हा भरू देणं, एवढ्या दोन गोष्टींत लिलीची सगळी लागवड सामावते. वाफा की कुंडी, किती खोल लावायचं, पाणी कधी द्यायचं, दांडा कधी कापायचा, कंद दरवर्षी विकत घ्यायचे का, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिथूनच निघतं.

एक कंद हातात घेऊन नीट पाहिला तर यातलं बरंचसं डोळ्यांना दिसतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या कांद्याला बाहेरून कोरडं, कागदासारखं टरफल असतं. लिलीच्या कंदाला ते नसतं. त्याच्यावर जाडसर, पांढुरके किंवा किंचित गुलाबी झाक असलेले खवले एकावर एक बसलेले असतात, आणि त्यांना झाकणारं काहीही नसतं. एक खवला बोटाने बाजूला केला तर तो बुडाशी सहज तुटतो आणि आत ओलसर, पिठूळ गर दिसतो. ही त्या झाडाची बेगमी. पावसाळ्याआधी घरात धान्य भरून ठेवावं तसं मागच्या हंगामातल्या पानांनी केलेलं अन्न इथे पिष्टमय रूपात भरून ठेवलेलं असतं. चीनमधल्या लान्झोऊ भागात लिलीच्या एका जातीचे कंद भाजी म्हणून पिकवतात आणि जपानमध्येही लिलीचे कंद खाल्ले जातात. साठा किती असतो याचा आणखी पुरावा नको. (शोभेसाठी विकत आणलेल्या कंदांवर औषधांची प्रक्रिया झालेली असते, म्हणून ते खाण्याचा विचारही करू नये.) खवल्यांच्या मधोमध पुढच्या हंगामाचा कोंब बसलेला असतो आणि खाली जिवंत, मांसल मुळांचा झुबका असतो. टरफल नसल्यामुळे हा कंद ट्यूलिपच्या कंदासारखा फडताळात कोरडा पडून राहू शकत नाही. तो सुकतो, मऊ पडतो, त्याच्यावर निळसर बुरशी धरते. म्हणून खरेदी करताना पाकिटावरचं चित्र पाहण्याआधी कंद दाबून पाहावा. तो टणक आणि वजनदार असावा, मुळं शाबूत असावीत, सोबतचा कोकोपीट किंवा लाकडी भुसा ओलसर असावा. या व्यापारात कंदाची प्रत त्याच्या घेरावरून ठरते : १०/१२, १२/१४, १४/१६ हे आकडे सेंटिमीटरमधले असतात. घेर जितका मोठा तितक्या साधारणपणे कळ्या जास्त. कळ्यांची संख्या कंदाच्या घेराशी बांधलेली असते, यातच पहिल्या वर्षीच्या यशाचा बराचसा उलगडा आहे.

साठ्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे थंडी. एशियाटिक लिली ही कुठल्या एका रानात सापडणारी जात नव्हे. चीन, जपान, कोरिया आणि सैबेरिया या भागांतल्या अनेक रानलिलींच्या संकरांतून हा गट उभा राहिला. काळ्या ठिपक्यांची केशरी टायगर लिली ही त्या पूर्वजांतली सर्वांत ओळखीची. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात यान द ग्राफ यांनी, पिढीजात कंद पिकवणाऱ्या डच घराण्यातल्या माणसाने, या संकरांचं काम मोठ्या प्रमाणावर केलं. त्यांच्या ‘ओरेगन बल्ब फार्म्स’मधून बाहेर पडलेल्या ‘एन्चँटमेंट’ या केशरी वाणाने आकाशाकडे तोंड करून उमलणारी, भक्कम दांड्याची, कापून फुलदाणीत ठेवता येणारी लिली जगभर पोचवली. पुढे हॉलंडने हा व्यापार आपल्याकडे ओढला. लिलीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात एशियाटिक संकरांना पहिला विभाग दिलेला आहे. पण माणसाने रंग बदलले, फुलाचं तोंड वर केलं, दांडा जाड केला, तरी पूर्वजांचं कालमापन मात्र या झाडात तसंच राहिलं. ही झाडं ज्या मुलखातली, तिथे हिवाळा लांब आणि कडक असतो. जमिनीखाली थंडीचे काही आठवडे गेले की कंदातल्या कोंबाला वाढीची परवानगी मिळते. साधारण २ ते ५ अंश सेल्सियसमध्ये सहा ते आठ आठवडे ओलसर स्थितीत राहिल्याशिवाय बहुतेक एशियाटिक वाण एकसारखे उगवत नाहीत आणि नीट फुलत नाहीत.

आपल्या सह्याद्रीतल्या कंदवर्गीय वनस्पतींचं वेळापत्रक याच्या अगदी उलटं आहे. कळलावी, रानहळद, सफेद मुसळी ही सगळी मंडळी उन्हाळ्याचा कोरडेपणा जमिनीखाली काढतात आणि वळिवाच्या किंवा मृगाच्या पावसाने जागी होतात. पावसाळा हा त्यांचा वाढीचा काळ, आणि दसरा-दिवाळीनंतर ती पुन्हा जमिनीखाली जातात. एशियाटिक लिली थंडीत झोपते, वसंतात उठते, उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलते आणि नंतरच्या सौम्य दिवसांत कंद भरते. तिला आपल्याकडे आणलं की तिच्या झोपेच्या वेळी इथे पुरेशी थंडी नसते, कंद भरायच्या वेळी कडक ऊन असतं, आणि नंतर तिला विश्रांती हवी असते तेव्हा धो धो पाऊस लागतो. भारतात खऱ्या लिली मुळीच नाहीत असं मात्र नाही. निलगिरी आणि पळणीच्या उंच डोंगरांवर पांढऱ्या तुताऱ्यांसारखी फुलं येणारी निलगिरी लिली आहे. मणिपूरच्या उखरूल जिल्ह्यातल्या शिरुई डोंगरावर फिकट गुलाबी शिरुई लिली आहे. ती त्या राज्याचं राज्यफूल आहे. या दोघी कुठे उगवतात ते पाहिलं तर लिलीला काय हवं असतं हे लगेच उमगतं. त्या निलगिरीच्या पायथ्याच्या मैदानात नाहीत, इंफाळच्या खोऱ्यात नाहीत. त्या डोंगरमाथ्याजवळच्या गवताळ उतारांवर आहेत. उंचीचा गारवा आणि उताराचा निचरा या दोन गोष्टींची जोडी जिथे जमते तिथे खरी लिली स्वतःहून टिकते. आपल्या वाफ्यात किंवा कुंडीत या जोडीतलं काय आणि किती उभं करता येईल, हाच लागवडीचा व्यवहार आहे.

इथे पहिला आक्षेप येतो. फुलबाजारात तर लिली बारा महिने दिसते. मग थंडीचा एवढा बाऊ कशाला? बारमाही दिसणाऱ्या या फुलांच्या मागे शीतगृहांची मोठी साखळी आहे. हॉलंडमध्ये शरद ऋतूत काढलेले कंद आधी थंडीतून नेतात, मग ओलसर पीटमध्ये बांधून उणे २ अंशांच्या आसपास गोठवून ठेवतात. त्या तापमानाला कंद महिनोन्‌महिने जागच्या जागी थांबतो. पाहिजे तेव्हा तो हळूहळू वितळवून लावला की ठरलेल्या अवधीत फूल हजर होतं. दक्षिण गोलार्धातल्या चिली आणि न्यूझीलंडमधूनही कंद येतात आणि वर्षाची दुसरी बाजू भरून निघते. आपल्याकडे ही फुलं थंड डोंगराळ भागांत किंवा तापमान आटोक्यात ठेवलेल्या पॉलिहाऊसमध्ये घेतली जातात, आणि फूल कापलं की बहुतेक ठिकाणी तो कंद हिशेबातून जातो. म्हणजे बाजारातली बारमाही लिली माझ्याच म्हणण्याला दुजोरा देते : थंडी आणि साठा दोन्ही दुसरीकडून आणायची व्यवस्था असेल तर ती कुठेही, कधीही फुलते. दुसरा आक्षेप घरगुती आहे. आपणच फ्रीजमध्ये कंद ठेवून थंडी दिली तर? ते जमतं, आणि करूनही पाहावं. कंद ओलसर कोकोपीटसह भोकं पाडलेल्या पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात सहा ते आठ आठवडे ठेवावे. सफरचंद, केळी यांच्याशेजारी ठेवू नयेत, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू आतल्या कोवळ्या कळीला बाधतो. पण फ्रीजकडून अपेक्षा मर्यादित ठेवावी. थंडीने कोंब वेळेवर जागा होतो. रिकामा झालेला कंद तिने भरत नाही. दुसऱ्या वर्षी लहान झालेला कंद कितीही शिस्तीत गार केला तरी तो लहान कंदाइतकंच फूल देणार.

आता महाराष्ट्राच्या हवेशी हा हिशेब ताडून पाहू. एशियाटिक लिलीला वाढीच्या काळात रात्री १० ते १५ आणि दिवसा २५ च्या आतलं तापमान मानवतं. लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे माती आणखी थोडी गार असली तर मुळं चांगली सुटतात. पुण्यात जानेवारीत किमान तापमान सरासरी ११-१२ अंशांवर येतं, दुपारचं मात्र ३० च्या घरात जातं. म्हणजे रात्र लिलीच्या मनासारखी आणि दुपार नकोशी. नाशिक, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर या पट्ट्यात कमी-अधिक फरकाने हेच चित्र दिसतं, आणि दुपारी सावली दिली तर ते सांभाळून घेता येतं. नोव्हेंबरच्या मध्याला लावलेला थंडी मिळालेला कंद साठ ते ऐंशी दिवसांत, म्हणजे संक्रांतीच्या पुढेमागे फुलतो. मुंबई आणि कोकण किनाऱ्यावर रात्रीही १६-१७ अंशांच्या खाली फारशी जात नाही. तिथे दांडा आखूड राहतो, फूल लवकर येऊन लवकर गळतं, कधी कळी पिवळी पडून उमलण्याआधीच झडते. महाबळेश्वरची थंडी लिलीला आवडण्यासारखी आहे, पण तिथला पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर जातो आणि वाफ्यात ठेवलेला कंद त्यात वाचणं अवघड. म्हणून तिथेही पावसाळ्यात कंद छपराखाली हवेत. मैदानी भागात तर खरी परीक्षा फुलं सरल्यावर येते. फेब्रुवारीअखेर फुलं गेली की पानांना कंद भरण्यासाठी निदान दीड-दोन महिने हवेत, आणि तेवढ्यात मार्च-एप्रिलचं ऊन येतं. एप्रिलमध्ये पुण्यात पारा ३८ च्या आसपास असतो. पानं करपतात, बेगमी अर्धीमुर्धी राहते, आणि जूनमध्ये ओल्या मातीत तो अर्धा कंद सडायला लागतो. दुसऱ्या वर्षीच्या बारीक दांड्याचं कारण हे आहे. खताच्या पोत्यात त्यावर उपाय नाही.

म्हणूनच या पुस्तकात कुंडीला पहिला मान दिलेला आहे. कुंडीच्या विरोधात नेहमी सांगितलं जातं की तिची माती लवकर तापते, आणि ते खरंही आहे. सिमेंटच्या गच्चीवर टेकवलेली काळी प्लॅस्टिकची कुंडी दुपारी हात लावू देत नाही. पण कुंडी हलवता येते, आणि आपल्या हवेत लिलीसाठी तेवढं एक कारण पुरे आहे. सकाळचं ऊन मिळणारी पूर्वेची गॅलरी, दुपारी भिंतीची सावली, उन्हाळ्यात जांभळा-आंब्याखालची जागा आणि पावसाळ्यात पागोळी न लागणारा कोपरा, हे सगळं एकाच झाडाला द्यायचं तर ते कुंडीतच असायला हवं. कुंडी मातीची घ्यावी, कारण तिच्या अंगातून पाणी झिरपून उडतं आणि आतली माती गार राहते. ती विटांवर उचलून ठेवावी, किंवा मोठ्या कुंडीत लहान कुंडी ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी. बारा इंची कुंडीत तीन ते पाच कंद आरामात बसतात; उथळ परडी मात्र चालत नाही. कारण लिलीला मुळांचे दोन मजले असतात. बुडाची मुळं कंदाला धरून ठेवतात आणि सुरुवातीचं पाणी देतात. कोंब वर येताना कंदाच्या वरच्या दांड्यालाही मुळं फुटतात, आणि पुढे झाडाचं खाणंपिणं बरंचसं त्यांच्यावर चालतं. कंद वरच्यावर लावला तर या दुसऱ्या मजल्याला माती मिळत नाही, झाड उपाशी राहतं आणि फुलांच्या वजनाने कलंडतं. कंदाच्या डोक्यावर १० ते १५ सेंटिमीटर माती हवी असते ती एवढ्यासाठी.

वाफ्यात लावायचं असेल तर आधी निचऱ्याचा निकाल लावावा. दख्खनची काळी माती ज्वारी-कपाशीला आईसारखी असली तरी उघड्या खवल्यांच्या कंदासाठी धोक्याची आहे. ती भिजली की फुगून हवा कोंडते, वाळली की भेगाळून मुळं तोडते, आणि तिचा सामू बहुधा ७.५ च्या पुढे असतो. लिलीला ६ ते ७ च्या दरम्यानचा मानवतो. अशा जमिनीत खड्डा खणून त्यात भारी मिश्रण भरलं तर त्या खड्ड्याचं डबकं होतं, कारण भोवतालची माती पाणी सोडत नाही. त्यापेक्षा जमिनीच्या वर फूटभर उंचीचा गादीवाफा करावा. त्यात पोयट्याची माती, जाड वाळू किंवा बारीक मुरूम आणि पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत घालावं. ताजं शेणखत कंदाला लागू देऊ नये. कोकोपीट वापरायचं तर आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावं, कारण लिलीच्या मुळांना क्षार सोसत नाहीत. कंदांमध्ये वीतभर अंतर ठेवावं. लिलीचे पाय सावलीत आणि डोकं उजेडात हवं. ते साधण्यासाठी पुढच्या ओळीत अलायसम किंवा पिटुनियासारखी बुटकी हंगामी फुलं लावावीत आणि वाफ्यावर उसाचं पाचट किंवा वाळलेला पाला पसरावा. पाला पसरलेल्या वाफ्यातली माती उघड्या वाफ्यापेक्षा गार राहते, हे हात लावून कुणालाही पडताळता येईल. पण सावलीचा अतिरेकही करू नये. उजेड कमी पडला की एशियाटिक लिलीच्या कळ्या लहान असतानाच पांढुरक्या पडून गळतात आणि दांडा उजेडाकडे वाकत जातो. दिवसातून चार-पाच तास सकाळचं ऊन ही किमान अट समजावी.

पाणी आणि खत यांबाबत आपल्या सवयी थोड्या आवराव्या लागतात. लावल्याबरोबर एकदा सावकाश, खोलवर पाणी द्यावं आणि नंतर माती वाफशावर ठेवावी : मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांना चिखल लागू नये. कोंब वर येईपर्यंत झाड साठ्यावरच जगत असतं, त्यामुळे सुरुवातीला घातलेलं रासायनिक खत त्याच्या कामी येत नाही, उलट कोवळ्या मुळांना भाजतं. दांडा वीतभर झाला, वरची मुळं सुटली, की मग पंधरवड्याने सौम्य द्रव खत द्यावं. त्यात कॅल्शियम नायट्रेटचा थोडा वाटा असला तर पानांचे शेंडे करपणं कमी होतं. सुपर फॉस्फेट शक्यतो टाळावं, कारण त्यात राहिलेल्या फ्लोराइडने लिलीच्या पानांच्या कडा जळतात. यावर अनुभवी बागाईतदार विचारतील की फुलं मोठी यावीत म्हणून खत द्यायचं नाही तर काय करायचं? कळ्या किती येणार हे तोवर बहुतांशी ठरून गेलेलं असतं. या हंगामातलं खत पुढच्या कंदासाठी असतं, आणि ते पोचवायला हिरवी पानं लागतात. म्हणून खताचा खरा काळ कळ्या दिसू लागल्यापासून फुलं गेल्यानंतर पानं हिरवी असेपर्यंतचा आहे. आपण नेमकं उलटं करतो. लावताना खताची मूठ भरून टाकतो आणि फूल गळताच झाडाकडे पाठ फिरवतो.

रोग आणि किडींचं प्रकरण पुस्तकात सविस्तर आहे, पण त्याचंही मूळ सूत्र कंदच आहे. बुडाकडून तपकिरी पडून खवले सुटे करणारी फ्युजेरियमची सड साचलेल्या गरम ओलाव्यात पसरते. तिच्यावर औषधापेक्षा निचरा आणि गारवा उपयोगी पडतात. पानांवर लंबगोल करडे डाग पाडणारी बोट्रायटिस बुरशी पानं रात्रभर ओली राहिली की बळावते, म्हणून पाणी सकाळी आणि बुडाशी द्यावं. मावा पानांतला रस पितो, आणि त्याहून वाईट म्हणजे विषाणू एका झाडातून दुसऱ्यात नेतो. विषाणू शिरलेला कंद बरा होत नाही, तो काढून नष्टच करावा लागतो. काळ्या अंगावर पांढरे आणि लाल ठिपके असलेली लिलीची अळी आपल्याकडे स्पायडर लिली आणि कळलावीवर नेहमी दिसते. ती एशियाटिक लिलीवरही येते आणि दोन-तीन दिवसांत पानं संपवते. ती हाताने वेचावी. नुसत्या पानांचं नुकसान म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. पानं गेली की पुढचा कंदही गेला. एक इशारा मात्र कोणत्याही प्रकरणासाठी राखून ठेवण्यासारखा नाही. घरात मांजर असेल तर कोणतीही खरी लिली घरात किंवा गॅलरीत ठेवू नये. पान, पाकळी, परागकण, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतं, आणि उपचाराला उशीर झाला तर जनावर दगावतं.

फुलं संपल्यावरची वागणूक हा या पुस्तकाचा गाभा आहे. गळालेल्या फुलाच्या मागे बोंड धरू लागलं तर ते लगेच खुडावं, नाहीतर साठा बियांकडे वळतो. फुलदाणीसाठी कापायचं तर दांड्याचा वरचा तिसरा हिस्साच कापावा. जमिनीलगत कापलेल्या झाडाने कंद भरावा अशी अपेक्षा करता येत नाही. मग कुंडी विरळ सावलीत न्यावी, पाणी चालू ठेवावं, पानं पिवळी होईपर्यंत थांबावं. त्यानंतर कंद उकरून, तपासून, ओलसर कोकोपीटमध्ये बांधून फ्रीजमध्ये ठेवावा. हे सगळं नेटाने केलं तर नाशिक-पुण्याकडे काही कंद दुसऱ्या वर्षी समाधानकारक फुलतात आणि दांड्याच्या जमिनीखालच्या भागावर धरलेली कंदुलीही मिळतात. सगळे कंद फुलतील असं आश्वासन मात्र हे पुस्तक देत नाही. मैदानी महाराष्ट्रात एशियाटिक लिलीला हंगामी फूल मानावं, आणि दुसऱ्या वर्षीचं फूल मिळालं तर तो लाभ समजावा, हा माझा स्पष्ट निष्कर्ष आहे.

या निष्कर्षावर सर्वांत सबळ आक्षेप खर्चाचा आणि त्याच्या मागून येणारा परकेपणाचा. दरवर्षी कंद विकत घ्यायचे ही उधळपट्टी नाही का? आणि निशिगंध, शेवंती, झेंडू असताना हे विलायती फूल हवंच कशाला? परकेपणाचं उत्तर सोपं आहे. निशिगंध आणि झेंडू मेक्सिकोकडून आले, शेवंतीचं मूळ चीनकडचं. आज देवाच्या ताटात आणि दसऱ्याच्या तोरणात ती आपलीच आहेत. फूल कुठून आलं यापेक्षा ते इथल्या हवेत स्वतःच्या बळावर किती टिकतं हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्या कसोटीवर लिली मागे पडते हे प्रांजळपणे मान्य करायला हवं. ज्याला एकदा लावून वर्षानुवर्षं विसरता येईल असं कंदाचं झाड वाफ्यात हवं आहे, त्याने पहिल्या पावसात उमलणारी रेन लिली, मेअखेर लाल गोळा घेऊन येणारी फुटबॉल लिली किंवा नागदवणा लावावा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या लिलियम प्रजातीतल्या नाहीत, पण आपल्या पावसाशी त्यांचं जमतं आणि बागेची कायमची कड त्या उत्तम सांभाळतात. खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्यावर उपाय प्रमाणात आहे. स्वस्त, लहान, कुठल्याही वेळी विकले जाणारे वीस कंद घेण्यापेक्षा चांगल्या घेराचे, थंडी मिळालेले पाच कंद नोव्हेंबरात घ्यावेत. पिटुनिया किंवा अॅस्टरची रोपं दरवर्षी नव्याने आणताना कुणाला उधळपट्टी वाटत नाही, कारण ती हंगामी आहेत हे आपण आधीपासून जाणतो. लिलीच्या बाबतीत मनस्ताप होतो तो तिच्याकडून बारमाही निष्ठेची अपेक्षा केल्यामुळे.

हे पुस्तक मराठी वाचणाऱ्या, पण थंड मुलखात राहणाऱ्यांच्याही हाती पडेल. इंग्लंड, कॅनडा किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात ज्यांची घरं आहेत, त्यांच्यासाठी हिशेब पूर्ण उलटतो. तिथे थंडी फुकट मिळते, उन्हाळा सौम्य असतो, आणि वाफा हीच लिलीची खरी जागा ठरते. शरद ऋतूत निचऱ्याच्या मातीत खोल लावलेले कंद तिथे वर्षागणिक वाढतात आणि दर काही वर्षांनी उकरून विरळ करावे लागतात. त्यांना त्रास होतो तो पानं खाणाऱ्या लाल लिली-भुंग्याचा, आणि त्याची माहिती पुस्तकाच्या शेवटच्या भागात दिली आहे. सूत्र मात्र दोन्हीकडे तेच राहतं : फुलानंतरची पानं जपली की कंद भरतो, कंद भरला की फूल येतं. आपल्याकडे त्या सूत्राचा पहिला भाग हवामान हिसकावून घेतं, एवढाच काय तो फरक.

वाचकाला शेवटची विनंती अशी की, पुस्तकातली वाणांची आणि रंगांची प्रकरणं उघडण्याआधी कंद, थंडी आणि निचरा ही पहिली तीन प्रकरणं वाचावीत, आणि आपल्या गावचं डिसेंबर ते एप्रिलचं तापमान एका कागदावर लिहून ठेवावं. दुपारचा पारा ३० च्या आत राहतो असे किती आठवडे आपल्याला मिळतात, ते मोजावं. दहा-अकरा मिळत असतील तर नोव्हेंबरात कुंडीत पाच कंद अवश्य लावावेत. तेवढेही मिळत नसतील तर रेन लिलीचा वाफा करावा आणि समाधानाने करावा. आपल्या हवेला जे मानवतं ते ओळखून लावलेलं साधं फूलही बागेला शोभा देतं, आणि दरवर्षी नेमाने परत येतं.